जैतरावांच्या दरबाराचं मंजूर चित्र

इतिहास घडवायला एक माणूसही पुरतो. तो मंजूर करायला मात्र समिती लागते. महाराष्ट्र राज्याला वर्ष झालं, त्यानिमित्त धाड गावच्या नाट्यसमितीनं ‘सरदार जैतराव’ हे नाटक बसवायचं ठरवलं. दरबाराचं चित्र आधी पाण्याच्या रंगात काढून सादर करावं, असा ठराव झाला. (ठराव उत्तम होता. पुढचे सगळेच उत्तम होते.)

काम ड्रॉइंगच्या मोतीराम गुरुजींकडे आलं. गुरुजींचा जन्म फुलदाण्या नि पोपट काढण्यात गेलेला. आपलं एक तरी चित्र माणसांना आत बसता येईल एवढं मोठं झालेलं पाहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तीन रविवार एसटीनं साखरखेर्ड्याकडे जाऊन त्यांनी जैतरावांची गढी शाळेच्या फुटपट्टीनं मोजली. दरबार अकरा फूट बाय नऊ भरला. शेणानं सारवलेली भुई, एक जाजम, एक झरोका. झरोक्यातल्या उजेडापुरता त्यांनी कागद कोरा ठेवला. पाण्याच्या रंगात उजेड काढायचा नसतो, सोडायचा असतो.

“अवो, इथं जाऊन बसावंसं वाटते,” त्यांची बायको शारदा कणीक मळता मळता म्हणाली. गुरुजी दिवसभर शीळ घालत होते.

समितीचे अध्यक्ष उत्तमराव यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“गुरुजी, इथं रंग सरला का तुमचा?”

“उजेड हाये तो. झरोक्यातून येऊन राह्यला.”

“उजेड तं आपण गॅसबत्तीचा पाडूच. जागा काऊन वाया घालवली?”

दुरुस्त प्रतीत त्या जागी सर्वानुमते झुंबर आलं. भुईला संगमरवर आला. सदस्य जानराव (व्यवसाय : सुतारकाम) यांच्या सूचनेवरून सोळा लाकडी खांब आले. मापं मात्र गुरुजींचीच ठेवली, इतिहासाशी खेळ नको म्हणून. अकरा फुटांत सोळा खांब उभे राहिल्यावर सरदारांना बसायला जागा उरेना. त्यांनी विंगेतूनच राज्य करावं, असं ठरलं.

नाटक गाजलं. दरबारानं तीनदा टाळ्या घेतल्या.

मग लोक जीप भरभरून गढी पाहायला गेले आणि नाराज होऊन परतले. गढी चुकीची असल्याच्या एक्केचाळीस तक्रारी आल्या. गुरुजींचा जबाब घेतला. “गढी तशीच हाये,” ते म्हणाले, “पहिल्यापासून.” म्हणजे चूक जुनी होती. गढी मंजूर चित्राप्रमाणे दुरुस्त करावी आणि झुंबराला अडचण होते म्हणून झरोका बुजवावा, असा ठराव झाला. देखरेख मोतीराम गुरुजींची. मापं त्यांनाच ठाऊक.

शेवटची वीट बसवताना गवंड्याला अंधारात दिसेना. गुरुजींनी कंदील धरला.

पहिलं चित्र आता त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, “हा कोनाचा गोठा?” आपण असं विचारणार नाही, याची खात्री आहे. आपण गढीत जाऊन आलेले आहात, झुंबराखालचा आपला फोटोही छान आलाय. खरा दरबार कसा असतो, हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही.