छपरावरून केलेलं सासूबाईंचं कन्यादान

आमच्या मॉशर्स नेक गावात कुणालाही विचारा, "शिडीवर कसं चढायचं?" लगेच माझं नाव सांगतील. वर्नन झिंक! मासळीच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी, वर्षं बावीस. या बावीस वर्षांत आमच्याकडे माणसं बर्फावरून घसरली, एक जण तर चक्क कॉड माशावरून घसरला. पण शिडीवरून? एकही नाही!

कारण मी घोकून घेतलेले नियम. शिडी चार हात वर, तर पाया भिंतीपासून एक हात लांब. चढताना दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय, असे तीन आधार कायम. खिशात काही ठेवायचं नाही. वरचं टोक बांधून टाकायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं : शिडी तपासल्याची पिवळी चिठ्ठी नसेल तर तिला हात लावायचा नाही. उलट अशी बेवारशी शिडी दिसली की ती काढून कुलपात ठेवायची, मालक कुणीही असो! हे 'मालक कुणीही असो' म्हणताना मी टेबलावर मूठ आपटतो. वर्गातली माणसं दचकून जागी होतात आणि वाक्य लक्षात राहतं.

गेल्या वर्षीच्या वसंतात तर मी गावावरच मोहीम काढली. घरोघरी जाऊन शिड्या तपासल्या. एकेक नमुना! कुणाची पायरी दोरीने बांधलेली, कुणाची मधली पायरीच गायब. अकरा शिड्या मी मोडीत काढल्या. त्यातली सगळ्यात भयानक शिडी होती बर्टन आयस्नरची. हा एकोणऐंशी वर्षांचा होड्या बांधणारा म्हातारा त्या शिडीखाली एका बाजूला वीट आणि दुसऱ्या बाजूला बायबल ठेवायचा. मी करवत आणली आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिचे दोन तुकडे केले.

दुसऱ्या दिवशी बर्टन भांडायला आमच्या दारात. मी कामावर. दार उघडलं माझ्या सासूबाईंनी, हिल्ड्रेडबाईंनी. त्यांनी त्याला चहा दिला, वर रुबार्बच्या देठांची आंबटगोड पेस्ट्री दिली. तो भांडायचं विसरला. तिसऱ्या दिवशी परत आला, म्हणाला, "काल भांडण राहून गेलं." असं करत करत म्हाताऱ्याने सव्वा वर्ष भांडण पूर्ण होऊ दिलं नाही, आणि अखेर जूनमधल्या एका शनिवारी दुपारी दोनला दोघांचं लग्न ठरलं!

सासरे जाऊन नऊ वर्षं झालेली. सासूबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "वर्नन, माझा हात बर्टनच्या हातात तू द्यायचास. माझे वडील नाहीत, भाऊ नाही. आहेस तो तूच, कसाही असलास तरी."

खोटं कशाला सांगू, 'कसाही' शब्द मी ऐकलाच नाही. मी लगेच उठून आरशासमोर कोट घालून बघितला.

लग्न गावच्या हॉलसमोर, हिरवळीवर. हॉलच्या ओसरीवर एक सपाट छप्पर आहे, दोन पुरुष उंच. तिथून रंगीत पताका सोडायच्या असं थेल्माच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मनात आलं.

"एखादा माणूस बोलावू या," ती म्हणाली.

"माणूस? घरात सुरक्षा अधिकारी असताना? अर्ध्या तासाचं काम!"

साडेबाराला मी तिथे हजर. अंगात लग्नाची पांढरी विजार आणि शर्ट. कोट खाली ओसरीच्या कठड्यावर काढून ठेवला. फोन कोटाच्या खिशात, कारण चढताना खिशात काही ठेवायचं नाही! शिडी कारखान्यातून आणलेली, कालच आलेली, कोरी करकरीत. खांद्याला-कमरेला पट्टा, त्याची जेमतेम कडेपर्यंत पुरणारी दोरी छपरावरच्या लोखंडी कडीला. खिळे ठोकताना कानांना त्रास नको म्हणून कानांवर जाडजूड टोप्या. इतका सुरक्षित माणूस त्या किनाऱ्यावर आजवर झाला नसेल.

आता पुढचं वाक्य जरा घाईघाईत वाचा. शिडीचं वरचं टोक मी बांधलं नव्हतं. आणि पिवळ्या चिठ्ठ्या ऑफिसातल्या खणात राहिल्या होत्या. अहो, अर्ध्या तासाचं तर काम!

खिळे ठोकत, बेसूर गात मी पताका लावल्या. एक वाजता कानांवरच्या टोप्या काढल्या, ऐटीत वळलो, पाय खाली सोडायला गेलो...

शिडी नव्हती!

मी डोळे चोळले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. वरसुद्धा बघितलं, म्हणजे माझी अवस्था लक्षात घ्या! खाली गवतात शिडीच्या पायांचे दोन खड्डे तेवढे उरले होते, आणि लांब वळणावर लाल पिकअप गाडी नाहीशी होत होती. तिच्या पाठीमागे माझी शिडी नीट बांधून, टोकाला लाल फडकं लावून ठेवलेली.

ती गाडी मी ओळखली. डार्लीन व्हायनॉटची! कारखान्यात डबे भरण्याच्या रांगेवरची मुकादम, वय पंचावन्न, आणि माझ्या आजवरच्या विद्यार्थ्यांत पहिली आलेली. मी वर्गात जांभई दिली तर तीही वहीत लिहून घेणारी बाई! लग्नाचा केक आणायला ती शेजारच्या गावी निघाली होती. वाटेत तिला बिनचिठ्ठीची, न बांधलेली शिडी दिसली. मालक कुणीही असो!

"डार्लीन!" मी ओरडलो. ऐकलं फक्त एका समुद्रपक्ष्याने. तो शेजारी येऊन बसला आणि माझ्याकडे असा बघू लागला, जणू मीच त्याच्या जागेवर आलोय.

छपरावर उघडणारी एक खिडकी होती. ढकलली, लाथ मारली. गेल्या रंगकामात ती चौकटीला अशी चिकटली होती की हॉल पडला असता, खिडकी उघडली नसती. उडी? अठ्ठावन्न वर्षांचे गुडघे! शिवाय उडी मारून पाय मोडलेला सुरक्षा अधिकारी म्हणजे पोहता न येणारा कोळी. एवढ्यात खाली कोटात फोन वाजू लागला. थेल्माचा! वाजला, थांबला, परत वाजला. प्रत्येक वेळी मी "हॅलो!" म्हणत होतो.

दीड वाजता पाहुणे येऊ लागले.

"मदत!" मी दोन्ही हात हलवले.

त्यांनीही हात हलवले.

"अहो, मला उतरता येत नाहीये!"

"वा!" पहिल्या रांगेतला एक जण बायकोला म्हणाला, "प्रात्यक्षिक चाललंय. लग्नातसुद्धा सोडत नाही बिचारा!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात थेल्मा आली. निळा झगा, हातात फुलं, कपाळावर आठ्या.

"वर्नन, फोन का उचलत नाहीस? खाली ये!"

"शिडी नाहीये!"

"मग वर कसा गेलास?"

"शिडीने!"

"वर्नन, सकाळपासून काही घेतलंयस का तू?"

सगळं समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. तिने डार्लीनला फोन लावला. फोन बंद. गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा, हाही नियम मीच शिकवलेला.

"कारखाना तर आज बंद. कुणाच्या घरी दुसरी शिडी असेल ना?" थेल्माने गर्दीला विचारलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "होती."

"माझी पण होती," दुसरा म्हणाला.

"माझी तर अगदी धडधाकट होती," तिसरी म्हणाली. अकरा जण माझ्याकडे बघू लागले. मी त्या पक्ष्याकडे बघू लागलो.

आणि मग नवरदेव आला! बर्टन आयस्नर, राखाडी सूट, छातीवर पांढरं गुलाब. त्याने मान वर करून सगळा प्रकार ऐकला आणि त्याचे डोळे खोडकर पोरासारखे चमकले.

"जावईबापू, घाबरू नका! मी आणतो तुम्हाला खाली!" त्याने जेवणाचं एक टेबल ओढलं. त्यावर लॉबस्टर धरायचा पिंजरा ठेवला. त्यावर दुसरा पिंजरा. त्यावर बादली उपडी घातली आणि सूट सावरत टेबलावर चढला.

मी गार पडलो. बावीस वर्षं मी ज्या चित्राची भीती घालत आलो, ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहत होतं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, खाली दगडी पायऱ्या, आणि दहा मिनिटांत सासूबाई येणार!

"बर्टन, उतर!" मी इतक्या जोरात ओरडलो की पक्षी उडाला. "एक पाय जरी त्या पिंजऱ्यावर ठेवलास तर... तर मी हे लग्न लावून देणार नाही! सासूबाई नऊ वर्षं एकट्या होत्या, बर्टन! तुझ्यामुळे परत गुणगुणायला लागल्यात. स्वयंपाकघरात गुणगुणतात, जिन्यात गुणगुणतात, वैताग आलाय मला! मी इथे चार दिवस राहीन, कच्चे मासे खाईन, पण तू उतर!"

बर्टन सावकाश, अगदी तीन आधार सांभाळत, टेबलावरून उतरला. त्याने रुमाल काढून नाक शिंकरलं.

"गुणगुणते?" त्याने विचारलं.

"बेसूर," मी म्हणालो.

"मला माहीत नव्हतं," असं म्हणून तो पिंजरे खाली उतरवू लागला.

इतक्यात घंटा वाजवत अग्निशामक बंब आला! नवरीची गाडी म्हणून फुगे बांधून सजवलेल्या त्या बंबात, ड्रायव्हरशेजारी, मोतिया रंगाच्या झग्यात सासूबाई. लोकांनी जल्लोष केला. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा, कारण बंब म्हटलं की शिडी आलीच!

"साहेब, शिडी लावा!" मी बंबाच्या प्रमुखाला ओरडून सांगितलं.

तो टोपी काढून डोकं खाजवू लागला. "वर्नन, ती वार्षिक तपासणीला शहरात पाठवलीये. तुम्हीच नाही का गेल्या महिन्यात तसा अहवाल लिहिला? लाल शाईत लिहिला होतात."

दोन वाजले. लग्न लावणाऱ्या पाद्रीणबाईंना पलीकडच्या बेटावरच्या बारशासाठी अडीचची फेरीबोट गाठायची होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, मला पाहिलं आणि सासूबाईंना विचारलं, "थांबायचं का?"

सासूबाईंनी मान वर केली. मी छपराच्या कडेला, दोरीने बांधलेला, गुडघ्यांवर विजार काळी झालेली, केसांत पक्ष्याने काय ठेवलं होतं ते सांगत नाही.

"कशाला थांबायचं?" त्या म्हणाल्या. "आवाज पोचतोय ना त्याचा? त्याचा आवाज नेहमीच पोचतो."

आणि लग्न सुरू झालं! मला फक्त माणसांचे भांग आणि टकलं दिसत होती, पण इतकं सुंदर लग्न मी पाहिलेलं नाही. पाद्रीणबाईंनी विचारलं, "या स्त्रीचा हात या पुरुषाच्या हाती कोण देत आहे?"

सगळ्या माना वर.

"मी!" म्हणालो, आणि आवाज फाटला. "मी, वर्नन! इथून!"

सासूबाईंनी आपला हात एकदा माझ्या दिशेने उंच केला, मी वरून हवेतच तो धरल्यासारखं केलं, आणि मग त्यांनी तो स्वतःच बर्टनच्या हातात ठेवला. थेल्मा रडली. बंबाचा प्रमुख रडला. मी तर दोरीलाच डोळे पुसले.

पाद्रीणबाई बोटीकडे धावल्या आणि तेवढ्यात लाल पिकअप आली. डार्लीन केक घेऊन उतरली. वर बघून जागच्या जागी थिजली.

"साहेब! ती शिडी तुमची होती? मला वाटलं, ठोकाठोक हॉलच्या आत चाललीये!"

"हो!"

"पण तिला चिठ्ठी नव्हती!"

"हो!"

"वरचं टोक बांधलेलं नव्हतं!"

आता अख्खं गाव माझ्याकडे बघत होतं. "नव्हतं," मी म्हणालो. एवढा छोटा शब्द उच्चारायला एवढे कष्ट मला कधी पडले नव्हते.

"मग मी आधी तपासते," डार्लीन म्हणाली. तिने पर्समधून वही काढली. "पायऱ्या घट्ट आहेत?"

"आहेत!" पाहुणे एका सुरात ओरडले.

"पाया लांब आहे?"

"चारास एक!"

अख्ख्या लग्नाने मिळून शिडी तपासली. डार्लीनने केकच्या खोक्यावरचं पिवळं लेबल सोलून त्यावर तारीख घातली, सही केली, शिडीला चिकटवलं. दोघांनी पाया धरला, ती स्वतः चढून वरचं टोक बांधून आली आणि मग कुठे मला परवानगी मिळाली. मी उतरू लागलो तशी माणसं प्रत्येक पायरीला आधार मोजू लागली. "दोन हात, एक पाय! दोन पाय, एक हात!" जमिनीला पाय लागले तेव्हा सासूबाईंनी माझ्या गालाचा मुका घेतला आणि बर्टनने मला मिठी मारली ती सोडेचना.

मी टेबलाकडे धावलो. लॉबस्टर संपले होते. कोबीची कोशिंबीर तेवढी शिल्लक होती, तीही कडेची.

पुढच्या महिन्यात कारखान्याने सुरक्षेचं वार्षिक बक्षीस डार्लीनला दिलं. देणारा मीच. भाषणही मीच केलं, आणि खरं सांगतो, मनापासून केलं. तेव्हापासून वर्गात प्रश्नोत्तरं चालू झाली की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारतं, "साहेब, नियम मोडला तर काय होतं?"

मी म्हणतो, "दृश्य फार छान दिसतं. जेवण मिळत नाही."