मागच्या सीटची फत्ते

श्रेयस्कर असो. वडील वन्संबाईंनी दूरध्वनीवरून खडसावून पुसले, की आमचे बंधूंनी दारची धड चारचाकी सोडोन या वयात दुचाकी जनावर आणोन बांधिले, आणि वहिनीही त्यावर आरूढ होते, हे कोणे बुद्धीने जाहले ते साद्यंत कळवावे. त्यावरून ऐकिली-पाहिली हकिकत, पदरची मिरची न घालता, मीठ मात्र चवीपुरते वाढवोन, लिहिली आहे.

शहरी एका चौकात, औषधांचे दुकान आणि बँक यांचे मधोमध, चष्म्यांचे एक संस्थान होते. तेथील धनी, वन्संबाईंचे बंधू, चष्मेवाले रावसाहेब. नजर पारखण्यात बहुत निष्णात. समोर बसला मनुष्य बारीक ओळीत कोठे अडखळतो ते अचूक सांगत. परंतु आपुले पाठीमागे काय चालले आहे, याची खबर त्यांस उभ्या संसारात सहसा लागली नाही. त्यांचे कुटुंब, बाईसाहेब, शाळेत भूगोल शिकवीत. नदी उगम पावते, वाहते आणि समुद्रास मिळते, ही कथा त्यांनी कैक वर्षे निळ्या खडूने फळ्यावर काढिली; परंतु मिळते समयी ती आपुले डोळ्यांनी पाहिली नव्हती. मग लेक नोकरीस परगावी गेली, आणि घर एकाएकी मोठे वाटो लागले, आणि उभयतांनी ठराव केला की आता मोटारसायकलीवर बसोन मुलूख पाहावा.

पहिली स्वारी घरच्या जुन्या मोटारसायकलीवरून निघाली. त्या गाडीची मागील गादी नावाची गादी, गुणाने फळी. दोन टेकड्या मागे पडल्या आणि बाईसाहेबांचे पायांस मुंग्या आल्या, आणि कमरेत कळ उठली, आणि मग त्यांनी रावसाहेबांचे खांद्यावर थाप दिली, मतलब की थांबावे. रावसाहेबांनी ताडिले, की वारा गोड, रस्ता मोकळा, कुटुंब प्रसन्न, सबब ही शाबासकी होय. मान डोलावोन त्यांनी गाडीस अधिक दौड दिली. मग थापा वाढल्या, आणि दौडही वाढली, आणि थापांचे गुद्दे जाहले तेव्हा ईश्वरकृपेने पेट्रोल पंप लागला.

बाईसाहेब उतरल्या. पाय धरणीस लागले, परंतु पायांस धरणीची खबर नव्हती. त्यांनी हेल्मेट काढोन रावसाहेबांचे हाती दिले आणि म्हणाल्या, "अहो, तुमची पाठच बघायची तर मी घरी बघते की. त्यासाठी एवढं लांब कशाला यायचं?"

इतके बोलोन समोरच्या बसमध्ये चढल्या. रावसाहेबांनी बसचे मागोमाग कूच केले. मागील काचेतून बाईसाहेबांचा अंबाडा दिसत होता. तो एकदाही वळला नाही. दुसऱ्याची पाठ पाहात मजल मारणे काय असते, हे येथेच उमगावे. परंतु न उमगले. खासे रावसाहेब बसच्या धुरासच बोल लावीत घरी दाखल जाहले.

मग घरात ना युद्ध, ना तह. जेवण वेळेवर, बोलणे कामापुरते. बाईसाहेबांनी टेबलावरील नकाशांचे पुस्तक उचलोन सर्वांत वरच्या फळीवर ठेविले, जेथे त्यांचा हात खुर्चीवाचून पोचत नसे. रावसाहेबांचे काळजात ते पुस्तक खड्यासारिखे रुतले. त्यांनी निदान केले, की दोष घोड्याचा. सबब घोडा बदलावा.

मसलतीस दंतवैद्य स्नेही गाठिले. या गृहस्थांनी दुनियेतील यच्चयावत् मोटारसायकली दौडविल्या होत्या, अवघ्या मोबाइलच्या पडद्यावर. मसलत त्यांचेच दवाखान्यात जाहली. रावसाहेब खुर्चीत उताणे, मुखात नळी आणि कापूस. दंतवैद्यांनी दाढ कोरता कोरता फर्माविले, की इंजिन थोर असावे, चढणीस दम टिकावा, वळणावर जनावर लवावे, आणि रंग लाल असावा. मागे बसणाराचा मजकूर त्यात कोठेच नव्हता. रावसाहेबांनी "आँ" इतकेच म्हटले, आणि ती संमती समजली गेली.

मग रावसाहेब शोरूमवर चालोन गेले. बाईसाहेब "बघायला काय जातंय" म्हणोन संगती आल्या, हेच त्या समयी थोर यश. गळ्यास टाय बांधिला विक्रेता सामोरा आला आणि प्रथम एक उंच गाडी दाखविली. बाईसाहेबांनी तिजकडे खालोन वर पाहिले आणि पुसले, "शिडी सोबत देता, का वेगळी घ्यायची?" तेव्हापासोन तिचे नाव उंट पडले. मग लाल गाडी पुढे आली. काय तिचे तेज! रावसाहेबांची नजर तिजवर अशी खिळली, की आपुलाच चष्मा काढोन पुसावा लागला. तिची मागील सीट पाकिटाएवढी.

"इथं माणूस बसवायचं, का डबा ठेवायचा?" बाईसाहेबांनी पुसले.

विक्रेत्याने इंजिनाची बिरुदावली आरंभिली. ती पुरती ऐकोन बाईसाहेबांनी हुकूम केला, की गाडी विक्रेत्याने हाकावी आणि खाशांनी मागे बसावे. रावसाहेब हसले. मग बाईसाहेबांचे मुखाकडे पाहोन हसणे आवरले, आणि निमूट मागे चढले.

पुढे जे वर्तले ते लिहिता लेखणी कापते. मागील गल्लीत रस्ता खणिला होता. रावसाहेबांचे गुडघे कोपरांस भिडले, धरावयास कडी नाही, टेकावयास काही नाही, दृष्टीस विक्रेत्याची पाठ आणि कॉलरवरील लेबल. त्यांनी कळवळोन विक्रेत्याचे खांद्यावर थाप दिली. विक्रेता ओरडला, "मजा येतेय ना, सर?" आणि दौड वाढविली.

परत येताच रावसाहेब उतरले आणि कुंडीतील झाडास धरोन उभे राहिले. मग हळूच पुसते जाहले, "त्या दिवशी तू थांबा म्हणत होतीस?"

"मग काय, ताल धरत होते?"

"अगं, मला वाटलं, तू खूश आहेस."

"खूशच होते हो. दुखायला लागेपर्यंत."

मोठमोठे वीर तोफेपुढे डगमगले नाहीत, परंतु या वाक्यापुढे कोण टिकावा? ते "चुकलंच माझं" इतके बोलिले. बाईसाहेबांनी पर्स उघडोन त्यांस पाण्याची बाटली दिली. तह तेथेच जाहला, कागद काही केला नाही.

मग बाईसाहेबांची नजर कोपऱ्यात गेली. तेथे एक रुंद, राखी, सुस्त गाडी उभी होती. कुशीस दोन पेट्या, पायांस प्रशस्त पावठे, धरावयास कड्या, मागील आसनास टेकावयास पाठ. विक्रेता संकोचोन म्हणाला, "ती नका बघू, मॅडम. ती जरा वयस्कर लोक घेतात." बाईसाहेब तिजवर चढल्या, पाय ठेविले, पाठ टेकिली आणि डोळे मिटोन घेतले.

"हिच्यावर बसून मी पेपरसुद्धा तपासेन," असा निकाल जाहला.

रावसाहेबांनी लाल गाडीकडे एकवार पाहिले, जसा सेनापती हातच्या गेल्या किल्ल्याकडे पाहातो, आणि राखी गाडी मुक्रर केली. दंतवैद्यांनी निषेधाचा खलिता धाडिला, की ही तर म्हैस! रावसाहेबांनी उलट कळविले, की म्हैस खरी, पण घरची.

पुढे सुट्टी लागताच स्वारी निघाली. जागोजाग मुक्काम करीत, बाईसाहेब म्हणतील तेथे थांबत, उभयता नदीचे मुखाशी पोचली. नदी निळी नव्हती. गढूळ होती, आणि समुद्रास सरळ मिळत नव्हती. कधी ती पुढे सरे, कधी तो तिला मागे लोटी. बाईसाहेब बराच वेळ वाळूत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मी इतकी वर्षं चुकीचंच काढत होते की हो." आणि लेकीस फोन लावोन हेच आनंदाने दोनदा सांगितले.

परतीचे वाटेत, भर उन्हात, रावसाहेबांचे पाठीस हेल्मेट टेकले. बोलाविले तो जाब नाही. बाईसाहेबांस झोप लागली होती. रावसाहेबांनी गाडी फुलासारिखी हळू करोन एका झाडाखाली उभी केली. उतरावे तर बाईसाहेब कलंडतील. सबब दोन्ही पाय रोवोन, जनावर तोलीत, तैसेच उभे ठाकले. एक ट्रॅक्टरवाला थबकोन पुसता जाहला, "काय हो, बंद पडली का?" रावसाहेबांनी ओठांवर बोट ठेविले. तोही समजूतदार, ट्रॅक्टर हळू काढोन गेला. सावली सरकली, ऊन अंगावर आले, पोटऱ्या थरथरो लागल्या, तरी खासे हटले नाहीत.

मग बाईसाहेब जाग्या होऊन म्हणाल्या, "का थांबलात?"

"इंजिन तापलं होतं."

बाईसाहेबांनी खाली उतरोन इंजिनास हात लाविला. ते केव्हाचे गार जाहले होते. त्यांनी रावसाहेबांचे कपाळीचा घाम आपुले ओढणीने टिपला, आणि पुन्हा मागे चढोन बसल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आपुले बाजूस दोन पोटऱ्या आणि एक कंबर जायबंदी. लुटीत काही मिळाले नाही. मुलूख होता तेथेच आहे. वन्संबाईंस कळावे.