दौलतमामांची पाठ

दौलतमामा कुणालाच ‘कुठं दुखतं?’ असं विचारत नसत. कुणी लंगडत आला की ते आधी त्याला अंगणात तीन फेऱ्या मारायला लावत, स्वतः उकिडवे बसून त्याच्या टाचांकडे बघत आणि मधूनच जिभेने ‘च्यक् च्यक्’ करत. त्या आवाजावर शेजारी बांधलेली त्यांची घोडी कान टवकारी आणि माणूसही उगाच नीट चालायला लागे.

मामा मूळचे जनावरांचे. लढाईत ते खेचरांच्या पलटणीत मोतद्दार होते. ब्रह्मदेशाच्या चिखलात खेचरांचे सुजलेले पाय चोळण्यात त्यांची वर्षं गेली. परतल्यावर कल्याण स्टेशन ते पारनाका टांगा हाकू लागले आणि आमच्या मागच्या गल्लीत राहू लागले. संध्याकाळी टांगा सुटला की माणसं चोळत. “जनावर बोलत न्हाई, त्ये बरं,” ते म्हणत. “मानूस बोलतो, आन् चुकीचं बोलतो.”

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, “बोंब मारतो त्यो चोर नसतो. चोर शेजारी गुमान बसल्याला असतो.” म्हणून गुडघा दुखणाऱ्याची ते मांडी चोळत आणि मान धरलेल्याची पाठ. मोडलेल्या हाडाला मात्र शिवत नसत. “हाड डाक्टरचं, मांस माझं,” म्हणत आणि रोग्याला स्वतःच टांग्यात घालून दवाखान्यात सोडून येत.

आमच्या हेडमास्तरांची मान आखडली तेव्हा त्यांनाही फेऱ्या चुकल्या नाहीत. मग मामांनी त्यांच्या पाठीत असा अंगठा रोवला की वर्गात कधी आवाज न चढवणारे मास्तर गल्लीभर ऐकू गेले. पण मान वळली. मामांनी बक्षीस म्हणून त्यांच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला.

“घोडीला देतोस तोच का रे हा?”

“त्योच. तिनं अजून नावं ठिवली न्हाईत.”

मास्तरांनी मुकाट्याने खाल्ला.

माझ्या आईचा उजवा खांदा धरला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. तिचा हात छातीच्या वर जाईना. स्वतःचा अंबाडा घालता येईना, आणि मी घातलेला अंबाडा हळदीकुंकवाच्या घरी पोचेपर्यंत सुटून पाठीवर यायचा. दोनदा असं झालं आणि आईने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. परक्या पुरुषाचा हात अंगाला लागू द्यायचा नाही, मग तो डॉक्टर असो की दौलतमामा, यावर ती ठाम होती. वडिलांनी तिच्यापुढे हात टेकले आणि मामांना नुसतं विचारून आले.

मामा आले ते तोड काढूनच. “वैनीसायेब, मी वट्यावर भिताडाकडं तोंड करून बसतो. हात तुमच्या शांतीचं. मी नुस्तं सांगनार.”

आई दाराच्या आत पाटावर, मी तिच्यामागे आणि ओट्यावर आमच्याकडे पाठ करून मामा. “काखंच्या मागं जा, पोरी. हितं एक दोरी लागंल. लागली? दाबू नगंस, अंगठा नुस्ता ठिव. आता हात उचल त्यांचा. थांब.”

आई कितीही दुखलं तरी हूं की चूं करत नसे. तरी नेमकी कळ उठायच्या वेळी हा माणूस न बघता ‘थांब’ कसं म्हणतो, हे मला कळेना. शेवटी विचारलं.

“बांगड्या,” मामा म्हणाले. “हात चालतो तवर वाजत्यात. आडला की गप. त्या न्हाई खोटं बोलत.”

असे सहा आठवडे गेले. माझा अंगठा बरोबर जागी पडला की ओट्यावरून ‘च्यक् च्यक्, शाबास राजा’ असं येई. ते मला होतं, आईला होतं की सवयीने घोडीला, हे विचारायची सोय नव्हती.

मग एका संध्याकाळी आईच्या बांगड्या खळ्ळकन मनगटावरून कोपराकडे घसरल्या. तिचा हात मानेमागे पोचला होता.

“पोचला,” मामा भिंतीला म्हणाले.

आईने तिथेच स्वतःचा अंबाडा घातला. वाकडा झाला होता. मला मात्र त्या वाकड्या अंबाड्याकडे बघून रडू फुटलं.

मामा जायला उठले. आई आतून म्हणाली, “बसा. शांते, त्यांचा उजवा खांदा बघ. सहा आठवडे माझ्यासमोर त्यांची पाठच तर आहे. उठताना सगळा भार डाव्या हातावर टाकतात. उजवा उचलतच नाहीत.”

मामा ओशाळले. “त्ये जुनं हाय, वैनी. खेचराची लाथ. आपला हात आपल्या पाठीला पोचत न्हाई, आन् घरात घोडीबिगर हाय कोन?” ते हसत म्हणाले. आम्ही दोघी हसलो नाही.

“बसा म्हणते ना. तुमच्या लेकीसारखी आहे ती.”

मामा बसले, पुन्हा भिंतीकडे तोंड करून. मी काखेमागे अंगठा ठेवला. तिथली दोरी आईच्या दोरीपेक्षा कितीतरी घट्ट होती. मी त्यातच गढून गेले. थोड्या वेळाने ती जराशी सैल झाली आणि माझ्याच तोंडून निघालं, “च्यक् च्यक्, शाबास राजा.”

मी जीभ चावली. आईने आतून गुळाचा खडा पुढे केला. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी त्यावर मूठ मिटली.

“पोरी,” ते म्हणाले, “कुठं दुखतं त्ये सांगू?”

“सांगा,” आई म्हणाली, आणि उंबरा ओलांडून ओट्यावर येऊन बसली.