गावंडे मास्तरांचं विधेयक

गावंडे मास्तरांच्या घरची बेल वाजवली की आतून आवाज येतो, "कोन?"

"मी, मास्तर. शेजारचा प्रमोद."

"कशावरून?"

आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. माझा खोकला भिंतीपलीकडून ऐकून मास्तर ज्येष्ठमध पाठवतात. पण दारात उभा राहिलो की पुरावा लागतो. एकदा वैतागून मी आधार कार्ड पुढे केलं. मास्तरांनी ते उजेडात धरलं नि म्हणाले, "फोटू कोनाचा हाय बाप्पा हा? तुहा तर वाटत नाई." त्यात मात्र त्यांचं काही चुकलं नव्हतं.

नांदगाव पेठेजवळच्या कार्यालयात माझ्या मेहुणीचं लग्न होतं. ऐन पंगतीत नवरदेवाच्या मामांचा मोबाईल गेला. "ह्याच वाढप्यानं उचलला! म्या डोळ्यानं पायलं!" मामा गरजले आणि चार जणांनी त्या वाढप्याची कॉलर धरली. मास्तर भरल्या ताटावरून उठले. त्यांनी त्याच्यासारखेच पांढरे सदरे घातलेली आणखी पाच माणसं गोळा केली, मामांना भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि सगळ्यांना ओळीत उभं केलं.

"आता वळा. अन् आयका, चोर यात नसू बी शकते."

मामांनी छातीठोकपणे बोट ठेवलं ते नवरीच्या सख्ख्या चुलतभावावर. पोरगा अमरावतीत तहसीलदार कचेरीत नोकरीला, हौसेनं मठ्ठा वाढत होता. पुढे मोबाईल मामांच्याच फेट्याच्या डब्यात सापडला. अख्खं कार्यालय हसलं. मास्तर तेवढे हसले नाहीत. ते त्या वाढप्याची चुरगळलेली कॉलर सारखी करत बसले होते.

मास्तरांचं मूळ दुखणं अकोल्याचं. तिथं ते चित्रकला शिकवायचे. एकदा पाहिलेला चेहरा घरी येऊन हुबेहूब काढायचे, आणि त्याचा त्यांना तोराही होता. जुन्या शहरात एका सराफाच्या दुकानावर दरोडा पडला तेव्हा ते समोरच्या रसवंतीत होते. पोलिसांनी त्यांना आधी एका माणसाचा फोटो दाखवला, मग तुरुंगात ओळख परेड झाली. मास्तरांनी बेधडक फोटोतल्याच माणसावर बोट ठेवलं. चित्रकाराचा डोळा कसा चुकेल? सुखदेव नावाच्या त्या सुताराची ऐन उमेदीची वर्षं गजाआड गेली. मग खरा दरोडेखोर भलत्याच गुन्ह्यात सापडला, त्यानं सगळं कबूल केलं आणि सुखदेव सुटला.

त्या दिवसापासून मास्तरांनी एकही चेहरा काढला नाही. ते कायदा काढायला बसले.

खरं सांगतो, मी असा माणूस पाहिलेला नाही. आयुष्यभर पोरांकडून सुरई आणि सफरचंद काढून घेतलेला माणूस म्हातारपणी वकिलांच्या ग्रंथालयात जाऊन निकालपत्रं वाचतो, शब्दकोश घेऊन एकेक ओळ फोडतो. मला साधं घरभाड्याचं करारपत्र वाचताना झोप येते. नव्या कायद्यात पोलिसांच्या झडतीचं चित्रीकरण आलं, तेव्हा मास्तरांनी गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा भिंतीवर टकटक. "झडतीचं झालं रे. परेडीचं राह्यलं!"

त्यांच्या विधेयकातली कलमं मला पाठ आहेत. न होऊन सांगतात कोणाला! "परेड घेनाऱ्या सायबाले आरोपी कोनता हे माईतच नसावं. साक्षीदाराले आधी फोटू दाखवाचा नाई. अन् ज्याले फुकट जेल झाली, त्याले भरपाई भेटलीच पायजे. मेहरबानी म्हनून नाई, हक्कानं!"

आमदारांना ते इतक्यांदा भेटले, की आमदारांचा ड्रायव्हर लांबूनच त्यांना नमस्कार करायचा. शेवटी यंदा आमदार म्हणाले, "मास्तर, नागपूरच्या अधिवेशनात मांडतो. पन सभागृहात बोलाले मले जिता मानूस लागते. ज्याच्यावर बेतली त्याची सही आना."

त्या संध्याकाळी मास्तर स्वतःच माझ्या दारात आले. "परतवाड्याले सुखदेवचं दुकान हाय. तू चाल संगं. मले एकट्यानं होत नाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं परतवाड्याला गेलो. सुखदेव दाराची चौकट रंधत होता. मास्तर उंबऱ्याशी थबकले. त्यांनी मसुद्याचा कागद पुढे केला. "मी... अकोल्याच्या परेडीत..."

"या ना मास्तर," सुखदेव म्हणाला. रंधा थांबला. त्यानं हात पुसले, सगळा मसुदा शांतपणे वाचला आणि खाली सही केली. मास्तरांनी एवढी कलमं लिहिली, पण 'माफ कर' म्हणायला जीभ वळत नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी सुखदेवला विचारलं, "इतक्या वर्षांनी लगेच ओळखलंत?"

"इतक्या वर्षांनी कुठं? दर मंगळवारी त्या समोरच्या हॉटेलात येऊन बसतात. चहा घेतात, इकडं पायतात, बसनं वापस जातात." मग तो मास्तरांकडे वळला. "मंगळवारी माही सुट्टी राहे. पन तुमी येता म्हनून दुकान उघडतो. इतक्या लांबून यावं अन् बंद दार पाहून जावं, बरं वाटत नाई."

मास्तर तिथल्याच भुशात मटकन बसले आणि हमसून हमसून रडायला लागले. सुखदेव त्यांच्या शेजारी उकिडवा बसला.

"काहून रडता, मास्तर? रस्ता ओलांडाचा धीर मले बी होत नव्हता."