पास्कलभाऊंची सकाळची माफी

सकाळी सात वाजता कुणी आपल्या दाराची बेल वाजवून म्हटलं, "नाना, काल तुमी जिना चढत होते ना, तेवा माज्या मनात आलं, या माणसाचं पोट आधी येतं आणि माणूस मागनं. माफी हाय ना?" तर तुम्ही काय कराल? मी पहिल्या दिवशी दार आपटलं. आता गेली कित्येक वर्षं "हाय, हाय" म्हणतो आणि दूध तापवायला आत जातो.

हे आमच्या समोरच्या ब्लॉकमधले पास्कलभाऊ. मूळचे वसईकडचे, तारापूरच्या एमआयडीसीत फिटर म्हणून आले, आणि रिटायर झाल्यावर बोईसरलाच राहिले. हाडाचा सज्जन माणूस. पण सज्जन माणसाचा इतका वैताग मी एसटी डेपोच्या अख्ख्या नोकरीत सोसला नव्हता.

चर्चच्या कुठल्याशा तपसाधनेत फादरांनी सांगितलं, रोज संध्याकाळी अर्धा तास शांत बसा, दिवस आठवा, मनात कुणाविषयी वाईट आलं असेल तर समेट करा. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि जेवायला गेले. पास्कलभाऊंनी ते शब्दशः धरलं. संध्याकाळी सातला घरातल्या आल्तारासमोर, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यासमोर, प्लॅस्टिकची खुर्ची मांडायची, आवाज नको म्हणून पंखा बंद, आणि डोळे मिटून घामाघूम होत बसायचं. त्या अर्ध्या तासात रेजिनावहिनी स्वयंपाकघरात झाऱ्याचा आवाजसुद्धा करत नाहीत. आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी माफीचा दौरा.

बरं, माणसानं मनात काहीही म्हणावं, कोण विचारतं? पण हे सांगत सुटायचे. मासळी घेऊन येणाऱ्या हिरूबाईला भर जिन्यात म्हणाले, "काल तुजे बोंबील शिळे हायेत असं वाटलं मला. माफी हाय ना?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मनातला मनातच ठेव ना रं बाबा! आता सगल्या बिल्डिंगीनं आयकला!" त्या दिवशी तिची टोपली भरलेलीच परत गेली. सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणाले, "तुमी रात्री आमच्या लाइनीचा व्हॉल्व बंद करता असा संशय आला. चुकलं माजं." सेक्रेटरीचा चेहरा पांढराफटक! तेव्हापासून आमच्या मजल्याला पाणी येतं, हा मात्र प्रभूचा महिमा म्हणायला माझी हरकत नाही. खुद्द फादरांकडे जाऊन "तुमच्या प्रवचनात मला जांभया येतात" असं सांगून आले. फादर म्हणाले म्हणे, "पास्कल, तू आता थोडं कमी चिंतन कर."

हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. मी स्वतः डेपोतल्या जुन्या मंडळींना हे किस्से रंगवून सांगितलेत. मला काय ठाऊक?

त्यांच्या आल्तारावर एक फोटो आहे. नेल्सन, त्यांचा एकुलता एक. अकरा वर्षांपूर्वी एका कंपनीत स्फोट झाला, त्यात गेला. बावीस वर्षांचा पोर. तो विषय आम्ही कुणी काढत नाही.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका दुपारी पास्कलभाऊ आले. वहिनी बहिणीकडे माकुणसारला गेलेल्या. मी म्हटलं, "आज दुपारपाळी का? काय आलं मनात?" हसले नाहीत. म्हणाले, "नाना, एक काम करा. घटकाभर तुमी रेजिनाच्या जागी बसा."

"मी? या मिशा घेऊन?"

"बसा ना."

बसलो. ते समोर स्टुलावर बसले, आणि मान खाली घालून बोलू लागले. "रेजिना, त्या दिवशी नेल्सनला ताप होता. तू म्हणालीस, आज राहू दे त्याला घरी. मी म्हणालो, नवी नोकरी, एवढ्या-तेवढ्या तापाला खाडा करतात काय? डबा मी भरला. तो झोपलेला, मी उठवला. त्याला मी पाठवला, रेजिना. माफी हाय ना?"

रोज सकाळी फटकन तोंडातून जाणारं "हाय" मी आवरलं. ती माफी माझी नव्हतीच द्यायला.

"हे वहिनींना कधीच बोलला नाहीत?"

"नाय. म्हणून तर लोकांकडं मागत फिरतो. वाटलं, बारीक बारीक मागून जिभेला सवय होईल, मग मोठी निघेल." मग हळूच म्हणाले, "आणि आता बसतो तेवा समोर कोणच नसतं, नाना. आधी वाटायचं, कोणतरी आयकतोय. आता नुसता घाम येतो. तरी बसतो. दुसरीकडं जाऊ कुठं?"

नास्तिक माणूस मी. त्या क्षणी मला त्यांच्या देवाचा इतका राग आला की असता तर गचांडी धरली असती.

"उद्या सांगतो तिला," ते म्हणाले. "तुमी नुसते येऊन बसा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेपर मागायच्या निमित्तानं गेलो. साडेसातला त्यांनी डोळे उघडले. वहिनी पदराला हात पुसत समोर येऊन बसल्या. त्यांचा हा रोजचा शिरस्ता असावा.

"रेजिना, काल तू गेलीस तेवा मनात आलं, बरं झालं, घर शांत. माफी हाय ना?"

"हाय." वहिनी उठल्या नाहीत. "आणि?"

पास्कलभाऊंनी फोटोकडे पाहिलं. मी मनात म्हणत होतो, बोला हो, बोला एकदाचं. त्यांचे ओठ हलले.

"आणि… सकाळच्या कालवणात मीठ जास्त वाटलं."

"हाय. आणि?"

"नाय. एवढंच."

वहिनी उठल्या. मीही निघालो. दार लावायला त्या बाहेर आल्या आणि जिन्याशी थांबल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, त्यांना काहीतरी बोलायचंय तुमच्याशी."

"मला म्हाइत हाय काय ते. अकरा वर्षं रोज 'आणि' विचारते."

"मग तुम्हीच म्हणून टाका ना, हाय म्हणून. सुटेल बिचारा."

वहिनींनी आत पाहिलं. पास्कलभाऊ अजून खुर्चीतच होते, पाठ आमच्याकडे.

"तो तिथं बसतो ना, तेवा मी ओट्याशी उभी राहून देवाकडं तेच मागते, नाना," त्या म्हणाल्या. "तो विचारील त्या दिवशी माज्या तोंडातनं 'हाय' येऊ दे. अजून येत नाय."