काड्यांचं सुतक

थोरला भाऊ वारला आणि अंकुशच्या नर्सरीतल्या अंजिराच्या काड्यांनी सुतक धरलं.

त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. काड्या दादानंच छाटल्या होत्या आणि पानं काढून त्यांचं मुंडणही तोच उरकून गेला होता. अडचण वेगळीच होती. काडीचं बूड कोरफडीच्या गरात बुडवलं की मूळ लवकर धरतं आणि गरात हळद कालवली की बुरशी लागत नाही, ही दादाची पद्धत. सुतकात हळद चालत नाही, म्हणून काड्या गराच्या बादलीत उतरेनात. मूळ झाड वठून गेलेलं. दादाचं वाण काय ते या काड्यांत उरलेलं, आणि त्यांची बुडं काळी पडत चाललेली.

"बिनहळदीचं देतो," अंकुश म्हणाला.

"बुरशी लागंल," थोरली काडी म्हणाली. "दादानं बजावलंय."

"मग मरा तिकडं!" त्यानं बादली लाथाडली आणि तसाच अनवाणी जाऊन कृषी सहायक तावरे मॅडमना गाडीवर घालून आणलं.

मॅडमनी चष्मा पुसला. "मयताशी नातं?"

"लेकरंच म्हणायचा आम्हाला."

"मग एव्हाना फिटायला हवं. कळलं कधी?"

"कळवलंय कुठं कुणी?" काडी म्हणाली. "अंकुशकाका रोज सांगतो, दादा बाहेर गेलाय."

"मग सुतक कशावरून धरलंत?"

"अंदाजानं."

मॅडम गंभीर झाल्या. "अंदाजानं धरलेलं फिटत नाही. रीतसर कळवावं लागेल. उशिरा कळलं तर नुसत्या अंघोळीवर भागतं. अंकुशराव, सांगा."

"काय सांगा? बाहेरच गेलाय!"

शालनवहिनी दारात उभी होती. "सांगा भावजी," ती म्हणाली. "मला तरी कुठं खरं वाटतंय? पण त्यांची लेकरं सडतायत."

अंकुशनं एक काडी उचलली. तिचं बूड बोटाला मऊ लागलं. तो खाली बसला.

"दादा गेला," तो म्हणाला. "पोरींनो, आपला दादा मेला."

काड्या एकेक करून निंबोळी अर्काच्या टबात उतरल्या, अंघोळ करून निघाल्या आणि बुडं पुढं केली. वहिनीनं आपल्या हातानं सगळ्यांना हळद-कोरफड लावली. एकीनंही हरकत घेतली नाही.

पुढं काड्यांना पांढरी मुळं फुटली. मॅडम पाहणीला आल्या, तेव्हा अंकुश डोकं भादरून शेडनेटच्या कोपऱ्यात पाटावर बसला होता.

"दादाचं जाणं यांनीही तेव्हाच मान्य केलं म्हणायचं," मॅडम म्हणाल्या. "हे कधी मूळ धरतील?"

"काकाला वेळ लागंल," थोरली काडी म्हणाली. "उन्हात काढू नका. पाणी घालू नका, त्याचं त्याला पुष्कळ आहे."

वहिनीनं दिराचा पाट सावलीत सरकवला.