इंजिनाचं उरलेलं आयुष्य

कुठली गोष्ट अजून किती टिकेल हे सांगण्यात माझा कोणी हात धरू शकत नाही. विमा कंपनीत बावीस वर्षं मी तेच करतोय. माणसाचं वय, वजन, सिगारेटी आणि त्याचे आजोबा कशाने गेले एवढं कळलं, की त्याची उरलेली वर्षं मी कागदावर मांडून देतो. त्यामुळे चौदा वर्षं जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं ठरलं, तेव्हा इंजिनाची चिंता घरात बाकीच्यांनी केली. मी नाही.

गाडी डोळ्यांच्या एका डॉक्टरांची होती. दोनच सीटा, रंग पिवळाधमक आणि उंची इतकी कमी की तिच्यात बसायचं नसतं, पडायचं असतं. उठताना डॉक्टरांची कंबर धरायला लागली, म्हणून त्यांनी ती विकायला काढली.

घेण्याआधी मी ती पुलापलीकडच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला दाखवली. हा माणूस बॉनेटला कान लावून निदान करतो. त्याने डोळे मिटले, बराच वेळ मान हलवली आणि म्हणाला, "ऐंशी हजार किलोमीटर झालेत, साहेब. नीट ठेवलीत तर अजून लाखभर सहज जाईल."

त्यातलं 'ठेवलीत' मी जरा जास्तच मनावर घेतलं.

घरी येऊन हिशेब मांडला. आठवड्याला चाळीस किलोमीटर चालवली, तर वर्षाला साधारण दोन हजार. म्हणजे लाख किलोमीटर पन्नास वर्षं पुरतील. मी अठ्ठेचाळीसचा. माझ्याच कोष्टकाप्रमाणे, मला पोचवून आल्यावरही इंजिनात वीसेक वर्षं शिल्लक राहत होती. मग मी नियम केले. गाडी फक्त रविवारी सकाळी निघेल. पन्नासच्या वर काटा जाणार नाही. सिग्नलला इंजिन बंद. बाकी सहा दिवस शेडमध्ये, अंगावर कापड घालून आराम.

बायकोला गाडी चालवायची होती. तिचं लायसन्स अकरा वर्षांचं, पण काढल्यापासून ते कपाटातच होतं. मी तिला प्रेमाने समजावलं की शिकाऊ हाताचा एक धक्का म्हणजे इंजिनाचे साडेबारा किलोमीटर कमी. हे साडेबारा कुठून आले ते मलाही माहीत नाही, पण आकड्यात अर्धा असला की लोकांचा विश्वास बसतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नुसतं "बरं" म्हणाली. बायकोचं 'बरं' किती दिवस टिकतं, याचं कोष्टक अजून कोणी केलेलं नाही.

त्याच सुमारास सासरे आमच्याकडे राहायला आले होते. पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर त्यांची पस्तीस वर्षं गेली. जेवताना त्यांनी मला सांगून पाहिलं की मशीन बसून राहिलं की तेल खाली उतरतं, रबर सुकतं, त्याला अधूनमधून चांगलं तापवून पळवावं लागतं. मी हो हो केलं. पंप वेगळा, स्पोर्ट्स कार वेगळी, हे मी तोंडाने म्हणालो नाही. चेहऱ्याने म्हणालो असेन.

पाचव्या रविवारी मी गाडीत बसलो आणि माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट पुढे सरकलेली होती. मीटरवर नजर गेली, तर माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा दोनशे बारा किलोमीटर जास्त! मी तसाच मिस्त्रीकडे गेलो. त्याने कान लावला आणि सांगितलं की मीटर ठीक आहे, आणि इंजिन तर पहिल्यापेक्षा मोकळं झालंय, कोणीतरी छान चालवतंय.

म्हणजे चोर. तोही बुटका, गाडी परत आणून लावणारा आणि काच पुसून ठेवणारा. मी घरी हे सांगितलं तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, चोर असता तर परत कशाला आणली असती. सासऱ्यांना त्याच वेळी जोराचा खोकला आला. दोन्ही गोष्टींकडे मी दुर्लक्ष केलं, कारण माझा बेत ठरला होता.

बुधवारी मी डबा घेऊन नेहमीच्या वेळी निघालो, मागच्या गल्लीतून वळसा घातला आणि शेडमध्ये येऊन गाडीच्या डिकीत शिरलो. अंगाने मी काडी आहे, पण काडीलाही गुडघे असतात. ते हनुवटीशी घेतले, झाकण रुमालाने बांधून किंचित उघडं ठेवलं आणि वाट पाहू लागलो. चोर सीटवर बसला की बाहेर उडी मारायची. बारा वाजता आडव्यानेच डबा खाल्ला. त्यानंतर जे व्हायचं तेच झालं. डोळा लागला.

"डिकी उघडी राहिलीय," असं कोणीतरी म्हणालं, आणि धप्पकन अंधार झाला.

आवाज बायकोचा होता.

मी पुरता जागा होईपर्यंत दारं लागली होती. सासऱ्यांचा आवाज आला, "क्लच पूर्ण दाब. आता सोड, पण हळू. घाई कोणालाच नाहीये." इंजिन सुरू झालं, आणि त्या आवाजापुढे माझी हाक मलाच ऐकू येईना. मी फोन लावला. पुढे तिच्या पर्समध्ये घंटी वाजली. ती बापाला म्हणाली, "तेच असतील. संध्याकाळी भाजी काय, हे विचारायचं असेल. वाजू दे."

वाजू दिली. तीनदा.

गाव मागे पडलं, वळणं सुरू झाली. प्रत्येक वळणाला रिकामा डबा माझ्या नाकावर येत होता. सासरे सांगत होते, आता तिसरा टाक, दाब, अजून दाब. गाडीने असा झोका घेतला की मी मागच्या पत्र्याला जाऊन चिकटलो. आणि पुढे बायको हसली. मोठ्याने, गळा मोकळा करून. हसणं ओळखीचं होतं, पण ते शेवटचं कधी ऐकलं होतं हे आठवायला मला पुढची दोन वळणं लागली.

तरीही श्वास घ्यायला हवाच होता. मी डब्याने पत्र्यावर ठोकायला सुरुवात केली.

पुढचं हसणं तुटलं. मग सासरे म्हणाले, "वेग कमी कर. ठोके येतायत."

"इंजिन गेलं का, बाबा?"

आपलं कोणीतरी ऐकतंय म्हटल्यावर मला जोर आला. मी दुप्पट वेगाने ठोकलं. सासऱ्यांनी खोल श्वास घेऊन सांगितलं की लक्षण चांगलं नाही, सरळ गॅरेजला घे.

बायकोचा आवाज रडवेला झाला होता. "त्यांना काय सांगू मी? जीव आहे हो त्यांचा या गाडीवर. मी हात लावायलाच नको होता."

हे ऐकून माझा हात आपोआप थांबला.

"थांबले ठोके," सासरे म्हणाले. "पण येतील परत."

आले. गॅरेजमध्ये गाडी उभी राहीपर्यंत मी ठोकतच होतो. मिस्त्रीने बॉनेटला कान लावला आणि जाहीर केलं की बेअरिंग गेलंय, इंजिन खाली उतरवावं लागेल. किती दिवस काढेल, असं बायकोने विचारलं. तो म्हणाला, "दिवस कसले, ताई? आजचा दिवस काढला तरी पुष्कळ. आधी बंद करा."

तिने इंजिन बंद केलं. ठोके चालूच राहिले.

मिस्त्रीने बॉनेटवरचा कान काढला, पुन्हा लावला. मग हळू आवाजात म्हणाला, "तीस वर्षं हेच काम करतोय. बंद इंजिन ठोके देताना आजवर पाहिलं नाही."

"मी आहे," मी म्हणालो.

डिकी उघडली. ऑफिसचा टाय, हातात डबा, शर्टावर ग्रीसचा पट्टा, अशा थाटात मी बाहेर आलो. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे त्यांना माझ्याकडे पाहावं लागू नये. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही ऑफिसला गेला होतात ना?"

खूप काही बोलायचं मी आत ठरवून ठेवलं होतं. तिचे डोळे अजून ओले होते. मी म्हणालो, "तिसरा गिअर छान टाकतेस. दुसऱ्याला तेवढी घाई होते."

ती डोळे पुसत तेच मघाचं हसणं हसली.

मिस्त्रीने पुन्हा इंजिन चालू करून ऐकलं आणि निदान बदललं. इंजिन ठणठणीत होतं. लाख काय, दीड लाखही जाईल म्हणाला, फक्त बांधून ठेवू नका, ताईंच्या हातात राहू द्या. मी मान डोलावली, जणू हा सल्ला माझाच होता.

मग घरी जायची वेळ झाली. सीटा दोन, माणसं तीन. सासऱ्यांचे गुडघे दुखतात आणि गाडी चालवणारीला सोडून चालत नाही. डिकीकडे एकदा सगळ्यांचीच नजर गेली. मी बसने निघालो.

पुलाजवळ ती पिवळी गाडी माझ्या खिडकीशेजारून सुंदर वळण घेत पुढे गेली. दुसरा गिअरही अगदी लोण्यासारखा पडला. मला राहवलं नाही. शेजारच्या गृहस्थांना मी सांगितलं की ती गाडी माझी आहे.

त्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं आणि आपली पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.